मेकाँगचा त्रिभुज प्रदेश एका दिवसात: मी थो, कान थो की जोड-सहल?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात यांच्यासह ते व्हिएतनामला जाणार आहेत. हो ची मिन्ह सिटीत तीन रात्रींचा मुक्काम असून त्यांतला एक दिवस त्यांनी मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशासाठी राखून ठेवला आहे. त्यांच्याकडे तीन पत्रके आली आहेत: पहिले मी थो आणि बेन त्रे यांचे, दुसरे कान थो आणि तिथल्या तरंगत्या बाजाराचे, आणि तिसरे सकाळी कू चीचे युद्धकाळातले भुयारी मार्ग व दुपारी मेकाँग अशा जोड-सहलीचे. सगळे शाकाहारी आहेत आणि काकूंचे गुडघे दुखतात. मार्गदर्शकाबरोबरची अशी एका दिवसाची सहल करण्याजोगी आहे का, आणि असल्यास यांपैकी कोणती, असे त्यांनी विचारले आहे.

सहल करण्याजोगी आहे, आणि मी थो–बेन त्रेचीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वडोदऱ्यातून आग्नेय आशियात गट घेऊन जाण्याच्या व्यवसायामुळे अशी पत्रके माझ्या हातांखालून सतत जातात. ठिकाणांची संख्या त्यांत ठळक अक्षरांत छापलेली असते, पण पाण्यावर किती वेळ मिळणार याचा उल्लेख बहुधा कुठेच नसतो. नदीने घडवलेला प्रदेश नदीवरूनच नीट दिसतो. म्हणून कोणत्याही पत्रकाबद्दल मी आधी दोनच आकडे विचारतो: गाडीत किती तास आणि होडीत किती तास. आपल्यासमोरच्या तीन पर्यायांची निवड या दोन आकड्यांवरच होऊन जाते.

हो ची मिन्ह सिटीपासून मी थो सुमारे 70 किलोमीटर आहे, म्हणजे आपल्याकडून भरूच जेवढे लांब, जवळजवळ तेवढेच. शहराच्या मध्यभागातून निघून धक्क्यावर पोचायला दीड ते दोन तास लागतात आणि त्यातला बराच भाग शहराबाहेर पडण्यातच जातो. कान थो सुमारे 170 किलोमीटरवर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुरतेच्याही पुढे आहे. पूर्वी या वाटेवर दोन मोठ्या नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागत. 2000 मध्ये मी थुआनचा आणि 2010 मध्ये कान थोचा पूल झाला, 2023 च्या अखेरीस मी थुआनजवळ दुसरा पूलही सुरू झाला, तरी एका बाजूने तीन ते साडेतीन तास धरावेच लागतात. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास गाडीत गेले. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. कान थोजवळचा काय रांगचा तरंगता बाजार पहाटे पाचच्या सुमारास भरतो आणि सकाळी आठ-नऊनंतर ओसरू लागतो. हो ची मिन्ह सिटीतून सकाळी सातला निघालेला पर्यटक तिथे पोचतो तेव्हा घाऊक व्यवहार आटोपलेला असतो आणि पर्यटकांना कॉफी व अननस विकणाऱ्या होड्या तेवढ्या फिरत असतात. मध्यरात्रीनंतर दोनला निघण्याची सोयही काही जण देतात, पण नऊ वर्षांच्या मुलीला आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो प्रकार मी सुचवणार नाही.

या बाजाराविषयी आणखी एक गोष्ट पत्रके सांगत नाहीत. रस्ते आणि पूल झाल्यापासून माल ट्रकने जाऊ लागला, व्यापारी जमिनीवर आले, मुलांच्या शाळेसाठी होडीवरची कुटुंबेही काठावर राहू लागली, आणि बाजारातल्या होड्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली. उंच बांबूच्या टोकाला कोबी, भोपळा, रताळे असा विकायचा माल लटकवण्याची पद्धत अजून पाहायला मिळते. लांबून येणाऱ्याला कोणत्या होडीवर काय आहे ते त्यावरून कळते. झापाची पाने लटकवलेली दिसली तर ती होडीच विकायला काढलेली असते, हाही तिथला जुना संकेत आहे. हे सारे पाहण्याजोगे आहे, मात्र त्यासाठी कान थोला एक रात्र राहून पहाटे साडेपाचला होडीत बसावे लागते. आपल्या तीन रात्रींपैकी एक तिकडे हलवता येत असेल तर माझे उत्तर बदलेल. येत नसेल तर कान थोचा विचार या खेपेस सोडून द्यावा.

जोड-सहलीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कू ची शहराच्या वायव्येला आहे आणि मी थो नैर्ऋत्येला, त्यामुळे मध्ये पुन्हा शहराची रहदारी ओलांडावी लागते आणि दुपारी घाईघाईने एका बेटावर उतरून चहा, गाणे आणि होडीतली वीस मिनिटे एवढ्यावर मेकाँग आटोपते. भुयारी मार्ग पाहायचेच असतील तर ते स्वतंत्र अर्ध्या दिवसात पाहावेत. काकूंनी त्यांत वाकून उतरण्याचा आग्रह मात्र धरू नये.

आता मी थोला नेमके काय पाहायचे, याकडे वळतो. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम अशा सहा देशांतून चार हजारांहून अधिक किलोमीटर वाहत येते. कंबोडियात फ्नॉम पेन्हजवळ तिचे फाटे फुटतात आणि व्हिएतनामात ती तिएन व हाउ अशा दोन मोठ्या शाखांनी शिरते. पुढे या शाखांनाही उपशाखा फुटतात. परंपरेने तिची नऊ मुखे मोजली जातात, पण आज ती सगळी वाहती राहिलेली नाहीत. बा लाय या मुखावर तर खारे पाणी आत येऊ नये म्हणून दरवाजांचा बांधच घातला आहे. व्हिएतनामातला हा त्रिभुज प्रदेश सुमारे 40,000 चौरस किलोमीटरचा आहे, देशातला जवळपास निम्मा तांदूळ इथे पिकतो, आणि त्याचा बराच मोठा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम एखादा मीटर उंच आहे. मी थो शहर तिएन शाखेच्या उत्तर काठावर आहे. समोरचा बेन त्रे हा नदीच्या फाट्यांनी वेढलेल्या तीन मोठ्या भूखंडांचा मुलूख आहे, आणि या दोहोंच्या मधल्या पात्रात ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स या चार शुभ प्राण्यांच्या नावांची चार बेटे आहेत. 2009 मध्ये राच मिएउचा पूल होईपर्यंत बेन त्रेला जायचे तर फेरीबोटीशिवाय गत्यंतर नव्हते.

कागदपत्रांत गोंधळ होऊ नये म्हणून इथेच सांगतो की जुलै 2025 पासून व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केली आहे. मी थो ज्या तिएन ज्यांग प्रांतात होते तो आता दोंग थाप प्रांतात विलीन झाला आहे आणि बेन त्रे विन्ह लाँग प्रांतात गेला आहे. सहली विकणारे मात्र जुनीच नावे वापरतात, त्यामुळे दोन पत्रकांत दोन नावे दिसली तरी ठिकाण एकच असू शकते.

मोठ्या मोटरबोटीने पात्र ओलांडताना बहुतेक पर्यटक एकमेकांचे फोटो काढण्यात गुंग असतात, आणि नेमका तोच अर्धा तास मला या सहलीतला सर्वांत मोलाचा वाटतो. पाण्याचा रंग दाट तपकिरी असतो आणि तो गाळाचा असतो. त्याला घाण समजून नाक मुरडणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत, पण हा सगळा प्रदेश त्याच गाळाने गेल्या काही हजार वर्षांत समुद्रात भर घालून तयार केला आहे. वरच्या देशांत, विशेषतः चीनमध्ये आणि लाओसमध्ये, मुख्य प्रवाहावर धरणे झाली, लाओसमधले सायाबुरी धरण 2019 मध्ये सुरू झाले, आणि त्यांच्या मागे गाळ अडून राहू लागला. त्यातच बांधकामासाठी पात्रातून वाळूचा प्रचंड उपसा होतो. परिणामी काठ ढासळतात. होडीतून जाताना काठावर काँक्रीटचे किंवा माडाच्या ओंडक्यांचे बंधारे आणि मागे सरकवलेली घरे दिसली की मार्गदर्शकाला त्याचे कारण अवश्य विचारावे.

भरती-ओहोटीचे प्रमाणही इथे ठळक आहे. समुद्र जवळ असल्याने मी थोपर्यंत पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते, आणि त्याचा संबंध थेट आपल्या सहलीशी येतो. लहान वल्ह्याच्या होड्या ज्या अरुंद ओढ्यांतून फिरवतात त्यांत पूर्ण ओहोटीला पाणी इतके कमी होते की कधी फेरी निम्मीच करतात, तर कधी होडी धक्क्याच्या पायऱ्यांपासून खूप खाली असल्याने उतरणे अवघड होते. पाणी बऱ्यापैकी चढलेले असताना होडी धक्क्याला जवळजवळ सपाट लागते. आपल्याकडे गुडघ्यांचा प्रश्न आहे, म्हणून सहल ठरवताना त्या दिवशी भरतीची वेळ काय आहे, हे आयोजकाला विचारावे आणि शक्य असल्यास ओढ्यातली फेरी त्या सुमारास ठेवायला सांगावी. हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस लगेच उत्तर देतो की गोंधळतो, यावरून त्याची लायकीही कळते.

खाऱ्या पाण्याचा मुद्दा वडोदऱ्याच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. नर्मदेत वरून येणारे पाणी कमी झाले की भरूचच्या अलीकडे-पलीकडे खाडीचे पाणी किती आत घुसते, भाडभूतला बंधारा का बांधला जात आहे, आणि तिथल्या मच्छीमारांचे त्यावर काय म्हणणे आहे, हे आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. बेन त्रेत हेच अधिक व्यापक प्रमाणावर घडते. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. त्यात नदीचा प्रवाह क्षीण होतो आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खारे पाणी पात्रातून दूरवर आत येते. 2016 आणि 2020 या दोन वर्षी ते इतके आत आले की भातशेती आणि फळबागा यांचे मोठे नुकसान झाले आणि पिण्याच्या पाण्याचीही टंचाई झाली. म्हणून बेन त्रेत खेड्यातल्या घरांशेजारी मोठमोठे रांजण ओळीने मांडलेले दिसतात. पावसाचे पाणी साठवण्याची ती जुनी सोय आहे. मार्गदर्शक त्यांच्यासमोरून न थांबता पुढे जातो, कारण तिथे विकायला काही नसते. आपण थांबावे आणि मार्च महिन्यात या घरी पाणी कुठून येते, असे विचारावे. किनाऱ्याकडच्या भागात अनेक शेतकरी पावसाळ्यात भात आणि कोरड्या काळात त्याच शेतात कोळंबी घेतात, ही माहितीही अशाच प्रश्नांतून निघते, आणि मग समोर दिसणाऱ्या बांधांचा व दरवाजांचा अर्थ लागत जातो.

आता ठरीव थांब्यांविषयी. मी थोच्या सहलींत ते जवळजवळ सर्वत्र सारखेच असतात. सुरुवातीला बहुधा विन्ह त्रांग पॅगोडा असतो. एकोणिसाव्या शतकातली ही वास्तू 1904 च्या वादळात मोडली व नंतर पुन्हा उभारली गेली. तिच्या दर्शनी भागात युरोपीय कमानी आणि चिनी पद्धतीची सजावट यांची सरमिसळ आहे, आणि आवारात बुद्धाच्या उभ्या, पहुडलेल्या व हसऱ्या अशा प्रचंड मूर्ती आहेत. अर्धा तास पुरतो. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत.

त्यानंतर थोय सोन, म्हणजे वरच्या चारांतल्या युनिकॉर्न बेटावर मधाचा चहा, फळे आणि गाणे. मधमाश्यांची चौकट हातात देऊन किंवा गळ्यात अजगर टाकून फोटो काढून देण्याचा प्रकार इथे चालतो. अजगराला नम्रपणे नकार द्यावा. त्या प्राण्याला दिवसभर माणसांच्या गळ्यांतून फिरवले जाते आणि आपण पैसे देतो म्हणूनच ते चालू राहते. बाटलीत बुडवलेल्या नागाची दारूही विक्रीला असते. ती आणू नये, कारण नागांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि विमानतळावर ती अडचणीची ठरते.

गाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये, विशेषतः जिथे मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 मध्ये संगीतशाळा काढली त्या गावच्या रसिकाने तर मुळीच नाही. दक्षिण व्हिएतनामातल्या या बैठकीच्या संगीताला दॉन का ताय तू म्हणतात, आणि 2013 मध्ये युनेस्कोने त्याचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. साथीला असलेली गिटार हातात घेऊन पाहण्याची परवानगी मागावी. तिच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले असते, त्यामुळे तार खोल दाबून स्वर हलवता व ओढता येतो आणि आपल्याकडच्या मींड-गमकाशी नाते सांगणारे काम त्या विलायती वाद्यावर निघते. पर्यटकांसाठी बसवलेला कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि त्याचा शेवट टाळ्यांच्या बालगीताने करण्याची वाईट चाल पडली आहे. मार्गदर्शकाने आधी विनंती केली तर कलाकार त्याऐवजी जुनी रचना आनंदाने गातात, असा माझा अनुभव आहे. ताटलीत बक्षिसी ठेवावी, कारण त्यांचे उत्पन्न मुख्यतः त्यावरच असते.

वल्ह्याच्या होडीची फेरी हा या सहलीचा सर्वांत प्रसिद्ध भाग. दोन्ही बाजूंनी निपा पामची झावळे पाण्यावर झुकलेली, चार माणसांची निमुळती होडी आणि टोकाला वल्हे मारणारी स्त्री, हे दृश्य पत्रकावर असते आणि खरेच तसे दिसतेही. अडचण अशी की सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत एकाच ओढ्यात शेकडो पर्यटक येतात आणि होडीला होडी लागते. मोठ्या बसच्या सहली आठच्या सुमारास शहरातून निघून साडेनऊ-दहाला धक्क्यावर पोचतात. आपण साडेसहाला निघालो तर त्यांच्या पुढे राहतो. व्हिएतनामचे घड्याळ आपल्याहून दीड तास पुढे असल्याने पहिल्या-दुसऱ्या दिवशी ही वेळ जड वाटेल, म्हणून हा दिवस मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी ठेवावा. दुसरा उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. आधी पूल ओलांडून गाडीने थेट बेन त्रेला जावे, तिथल्या आतल्या ओढ्यांत होडी घ्यावी आणि मी थोची बाजू परतताना पाहावी. बेन त्रेतले ओढे थोय सोनच्या मानाने बरेच शांत असतात, आणि काठावर नारळ सोलणारे, काथ्या काढणारे, करवंट्या वाळत घालणारे लोक आपापल्या कामात असतात. मला स्वतःला तीच बाजू अधिक आवडते.

बेन त्रे नारळाचा मुलूख असल्याने नारळाच्या गोळ्यांचा कारखाना दाखवतातच. नारळाचे दूध, साखर आणि चिकट तांदळापासून केलेला माल्टचा पाक एकत्र आटवतात, लगदा साच्यांत ओततात, कापतात आणि खाण्याच्या तांदळी कागदात गुंडाळतात. आपल्या नारळाच्या वडीपेक्षा ती बरीच चिवट लागते. दातांत कवळी असलेल्यांनी जपून खावी. ड्युरियन घातलेला प्रकार वासाची कल्पना नसताना विकत घेऊ नये, आणि हॉटेलच्या खोलीत तर उघडूच नये. ही दुकाने मार्गदर्शकाला दलाली देतात हे गृहीतच धरावे आणि त्याचा राग मानू नये. किती दुकानांत थांबायचे, हे मात्र आधी ठरवून घ्यावे. माझ्या मते एक पुरे.

पत्रकात फिनिक्स बेट असेल तर ते काढून टाकण्याची घाई करू नये. फ्रान्समध्ये शिकून आलेला न्गुयेन थान्ह नाम (1910–1990) नावाचा एक माणूस इथे नारळावर निर्वाह करत राहिला, बौद्ध आणि ख्रिस्ती विचारांचा मेळ घालून त्याने स्वतःचा पंथ काढला, युद्धाच्या ऐन काळात शांततेचा प्रचार केला आणि त्यापायी वारंवार तुरुंगात गेला. त्याच्या मठाचे ड्रॅगनांनी वेढलेले खांब आणि काँक्रीटची विचित्र बांधकामे तिथे अजून उभी आहेत. बहुतेक गट ती सर्कशीसारखी पाहून निघून जातात, पण चांगला मार्गदर्शक असेल तर तासभर सहज रंगतो.

मार्गदर्शकाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मोठी बस असो की खासगी गाडी, दिवसाचे बरेवाईट त्याच्यावरच ठरते. व्हिएतनाममध्ये परदेशी पर्यटकांबरोबर काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे सरकारी परवाना-ओळखपत्र असावे लागते आणि ते तो गळ्यात घालतो. हिंदी बोलणारे मार्गदर्शक थोडे आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत मोठ्या कंपन्या ते आधीच घेऊन ठेवतात, म्हणून सावकाश व स्पष्ट इंग्रजी बोलणारा मागावा. मी आयोजकाला आणखी एक विचारतो: मार्गदर्शक त्रिभुज प्रदेशातल्या गावचा आहे का? शहरात वाढलेला तरुण पाठ केलेली माहिती उत्तम देतो. पण ज्याच्या घरी भात किंवा नारळ आहे तो रांजणापाशी उभा राहून आजीच्या काळचे पाणी आणि आताचे पाणी यांतला फरक सांगतो, आणि तशी माहिती कुठल्याही पत्रकात मिळत नाही. असा माणूस मागितल्यास बऱ्याचदा मिळतो, मात्र मागावा लागतो.

रेल्वेची आवड असलेल्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे डभोईच्या छोट्या गाडीचा अभिमान आहे, तसा तिकडे सायगॉन (हो ची मिन्ह सिटीचे जुने नाव)–मी थो रेल्वेचा असायला हरकत नव्हती. 1885 मध्ये सुरू झालेली ती इंडोचायनातली पहिली रेल्वे, सुमारे 70 किलोमीटरची. 1958 मध्ये ती बंद झाली आणि आता हा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो.

जेवणाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, मात्र तो आदल्या दिवशी सोडवावा लागतो. सहलीच्या ठरीव जेवणात हत्तीच्या कानासारखा दिसणारा तळलेला मासा टेबलावर उभा करून आणतात, आणि साध्या भाजीतही माशाचे आंबवलेले पाणी, म्हणजे नुओक माम, घातलेले असते. ‘शाकाहारी’ एवढेच सांगितले तर मांस काढून टाकतात आणि हे पाणी तसेच राहते. त्याऐवजी ‘आन चाय’ असे सांगावे. बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक असा आहार घेतात, त्यामुळे स्वयंपाक्याला नेमके काय वगळायचे ते कळते. आपल्याकडच्या पंचांगात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सहल येत असेल तर रस्त्याकडेच्या साध्या खाणावळींतही असे जेवण सहज मिळते. कोणी कांदा-लसूण किंवा कंदमुळे खात नसेल तर ते वेगळे लिहून द्यावे. मधाचा चहा आणि फळे यांची चिंता नाही. तरीही नातीसाठी थेपले आणि खाखरे पिशवीत असावेत, कारण जेवण दीड वाजेपर्यंत लांबते.

डिसेंबर हा महिना आपण चांगला निवडला आहे. पाऊस मे ते नोव्हेंबर असतो, डिसेंबरात हवा कोरडी व त्या मानाने सौम्य असते आणि खाऱ्या पाण्याचा कडक काळ अजून सुरू झालेला नसतो. रामबुतान, मँगोस्टीन यांसारख्या फळांचा भर मात्र जून ते ऑगस्टमध्ये असतो, तेव्हा बागेत झाडावर लगडलेली फळे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. ऊन जाणवते. टोपी, पाणी आणि डासांचे मलम हवे, कारण त्या भागात डेंग्यू आहे.

काकूंसाठी तीन सूचना आहेत. मोठ्या मोटरबोटीत चढताना फळीवरून जावे लागते, तिथे हात द्यायला नावाडी उभा असतो, त्याचा हात निःसंकोच धरावा. वल्ह्याच्या होडीत बैठक तळापासून जेमतेम वीतभर उंच असते आणि उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. म्हणून शेवटच्या बाकावर, नावाडीणबाईंच्या जवळ बसावे, म्हणजे उठताना त्यांचा आधार मिळतो. फेरी अजिबात नको वाटली तर बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत विजेवरची किंवा घोड्याची गाडी असते. मी विजेवरची घेतो, कारण घोडे बहुधा थकलेले दिसतात. नातीच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आधी सांगून मागवावे. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या अंगातून वर निघून येते आणि त्याचा उपयोग होत नाही.

पाच जणांच्या कुटुंबाला खासगी गाडी, मार्गदर्शक आणि होडी असा बंदोबस्त मोठ्या बसच्या सहलीपेक्षा महाग पडतो, पण दरडोई फरक वाटतो तितका राहत नाही आणि निघण्याची वेळ, क्रम व थांबे आपल्या हाती राहतात. आयोजकाला पाठवायच्या निरोपात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: सकाळी साडेसहाला निघणे, आधी बेन त्रे, भरतीच्या सुमारास वल्ह्याची होडी, मोटरबोटीत एकूण किमान दीड तास, एकच दुकान, आन चाय जेवण, आणि लहान मापाचे जाकीट. उत्तरात या सगळ्यांची लेखी कबुली आल्याशिवाय पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. होडीचे भाडे, प्रवेशशुल्क, पुलाचा व महामार्गाचा टोल आणि जेवण किमतीत धरले आहे का, हेही त्याच उत्तरात यायला हवे. नावाडीणबाईंची आणि कलाकारांची बक्षिसी वेगळी असते, त्यासाठी सुट्टे डाँग जवळ ठेवावेत. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात, त्यामुळे नोटांवरचे आकडे पाहून घाबरू नये, आणि वीस हजारांची नोट समजून पाच लाखांची दिली जाणार नाही याची काळजी घ्यावी. दोन्ही नोटा निळसर आहेत आणि घाईत सारख्या दिसतात.

परतताना संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान हो ची मिन्ह सिटीत शिरणे म्हणजे दुचाकींच्या लोंढ्यातून जाणे, आणि सकाळी दीड तासात कापलेला रस्ता तेव्हा अडीच तासही घेतो. अमदावादला परतणारे विमान त्याच रात्रीचे असेल तर सहल त्या दिवशी ठेवू नये. दुसरा दिवस मोकळा नसेलच तर जेवण बेन त्रेतच आटोपून दुपारी दोनला धक्का सोडण्याची अट आयोजकाला घालावी, आणि विन्ह त्रांग पॅगोडा वगळावा.